औंदाची वाट

पहाटे सिंहगड रस्त्यावर सायकलींची जी गर्दी असते, ती बहुतेक सगळी डोणज्यापाशी गडाकडे वळते. आम्ही तिघं पानशेतच्या रस्त्यानं पुढे निघालो तेव्हा मागून कुणीतरी ओरडलंसुद्धा, "काका, गड इकडे!" ते काका म्हणजे आमचे सर. भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले आणि उतारावर माझ्या भाच्यापेक्षा कितीतरी शांत. भाचा पंचविशीतला. त्याच्या सायकलीची किंमत त्यानं अजून माझ्या बहिणीला खरी सांगितलेली नाही. मी दोघांच्या मधली, वयानंही आणि वेगानंही.

बेत असा होता: खानापूर, रांजणे करत पाबे घाट चढायचा, पलीकडे उतरून वेल्हे गाठायचं, तिथून भट्टी, पासलीवरून केळदला मुक्काम. दुसऱ्या दिवशी मढे घाटानं कोकणात उतरायचं आणि कर्णवडीवरून बिरवाडी. नकाशात ही रेघ फार सुटसुटीत दिसते. पहिला दिवस बराचसा डांबरी, मधे जमेल तिथं ढोरवाटा. दुसरा दिवस मात्र निव्वळ घाटवाट. माणसांनी आणि बैलांनी पिढ्यान् पिढ्या वापरलेली ही वाट. सायकलीचा विचार तिच्या आखणीत कुणी केलेला नाही, आणि करायचं कारणही नव्हतं.

परदेशात डोंगरी सायकलींसाठी वाटा मुद्दाम बांधतात. वळणाला बाहेरून उचल देतात, पाणी निघून जायला उतार ठेवतात, सुरुवातीला पाटी लावतात. हिरवा गोल म्हणजे सोपी, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा दिसला की नवशिक्यानं तिथूनच मागे फिरावं. सह्याद्रीत अशी पाटी लावायची म्हटली तर ती दर दोन-तीन महिन्यांनी बदलावी लागेल. जुलैत शेवाळलेला कातळ, ऑक्टोबरात छातीइतकं गवत, फेब्रुवारीत सुटलेला घसारा, एप्रिलात वणव्यानं काळं झालेलं रान. वाट तीच. त्यामुळे आमच्यात कुणी "अमुक वाट कशी आहे?" असं विचारलं की उत्तराआधी उलटा प्रश्न येतो, "तू कधी जाणार आहेस?"

आमची तालीम वेताळ टेकडीवर होते. टेकडीतून रस्ता न्यावा की नाही यावर पुण्यात वर्षानुवर्षं भांडण चालू आहे आणि त्यात मी कुठल्या बाजूला आहे हे सांगायची गरज नसावी. पण सायकलवाल्याला टेकडी शिकवते ती तिथल्या मुरमानं. खाली घट्ट कातळ आणि वर बोटाच्या पेराएवढे सुटे खडे. फरशीवर वाटाणे सांडावेत तशी चाकाखालची जमीन निसटते. वळणात पुढचा ब्रेक करकचून दाबला की सायकल सरळ आडवी. मागचा दाबून चाक घट्ट धरलं तर आपण वाचतो, पण जमिनीवर चर पडतो. जूनमध्ये पाणी नेमका तोच चर धरतं आणि दोन पावसाळ्यांत तिथं घळ झालेली असते. टेकडीवर काठी घेऊन फिरणारे आजी-आजोबा आमच्यावर चिडतात ते उगाच नाही. माणूस दिसला की वेग चालण्याइतका, अरुंद जागी पाय खाली, आणि घंटी लांबूनच वाजवायची, पाठीशी येऊन नव्हे. एवढं पाळलं तर तेच आजोबा पुढच्या वळणावर झाड पडल्याचंही सांगतात.

पाबे घाटाच्या चढाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, दम लागला. खिंडीत वळून पाहिलं तर सिंहगडावरचा मनोरा, समोर तोरणा आणि राजगड. उतार सुरू करण्याआधी सरांनी तिघांच्या सायकलींचे ब्रेक हातानं दाबून पाहिले, चाकं उचलून फिरवली, पुढच्या चाकाचा दांडा घट्ट आहे ना हे बघितलं. भाच्यानं डोळे फिरवले. पण घाटाच्या डांबरी उताराला लोक सोपा समजतात आणि तिथंच फसतात. ब्रेक सतत धरून बसलं की डिस्क तापते, पॅड गुळगुळीत होतात, आणि खालच्या वळणावर लिव्हर दाबली तरी सायकल हवी तिथं थांबत नाही. वळणाआधी जोर लावून वेग मोडायचा, वळणात सोडून द्यायचं, म्हणजे थंड व्हायला तेवढा वेळ मिळतो. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७६ साली काही पोरांनी जुन्या जाडजूड सायकली घेऊन मातीच्या उतारावर शर्यती लावल्या, डोंगरी सायकलीची कुळकथा तिथून सांगतात. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्ये असे. तळाला पोचेपर्यंत त्यातलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि पुन्हा वर जाण्याआधी हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. पाबे घाटाच्या पायथ्याशी मी चाकाजवळ बोट नेलं. डिस्कला लावलं नाही, धग लांबूनच लागत होती.

उतारावर खरी भीती दुसरीच. वळण कापत अंगावर येणारी जीप, आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला पावसानं आणून टाकलेली खडी. त्या दोन्हींना उपाय एकच, आपल्या बाजूला आणि आपल्या आवाक्यात राहणं. एका वळणावर रस्त्याच्या बरोबर मधोमध म्हशी उभ्या होत्या. भाचा वेगात होता, पण थांबला. म्हशींनी त्याची दखलही घेतली नाही.

वेल्ह्यात मिसळ आणि दोन चहा. हे तालुक्याचं गाव. दवाखाना, पोलीस ठाणं, एसटी, पंक्चरचं दुकान हे सगळं इथवर. पुढे काही झालं तर आपलं आपण निस्तरून इथं यायचं, असा हिशेब मनाशी मांडून निघावं लागतं. १०८ नंबरची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि ती खेड्यापाड्यांत येतेही. पण ती रस्त्यापर्यंत येते. रस्त्यापर्यंत माणसाला आणायचं कुणी, हा प्रश्न डोंगरात उरतोच. शिवाय फोन लागायला हवा. म्हणून वेल्ह्यातून मी बहिणीला निरोप धाडला: उद्या संध्याकाळी पाचपर्यंत बिरवाडीतून फोन आला नाही तर केळदमध्ये मुक्कामाच्या घरी फोन कर, आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय घाबरू नकोस. शेवटचं वाक्य तिच्यासाठी कधीच उपयोगी पडत नाही.

हॉटेलच्या बाकावरून सरांनी तोरण्याकडे बोट दाखवून पाठ सुरू केला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, एकावर एक. काही थर टणक, ते सरळ कड्यासारखे तुटतात. काही मऊ, ते झिजून उतार होतात आणि त्यांचेच पदर बनतात. कडा, पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर. "म्हणजे मढे घाटात," सर म्हणाले, "पदरावर सायकलवर बसायचं, कड्याला सायकल आपल्यावर बसेल." चाळीस वर्षं वर्गात हशा मिळवलेला माणूस आहे, टाळीसाठी थांबला. पण घाटवाटेचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरं ऐकलेलं नाही.

वेल्ह्याच्या पुढे रस्ता सोडून एका माळावरून ढोरवाट धरली. दिवाळी होऊन गेलेली, भातं कापून खळ्यावर आलेली, गवत वाळून सोनेरी. पाहायला देखणं आणि चालवायला वाईट. गवतात दगड दिसत नाहीत. गुरांच्या पायांनी पावसाळ्यात चिखलात पडलेले खळगे आता वाळून दगडासारखे कडक झालेले असतात आणि त्यावरून हाडं खिळखिळी होतात. कुसळं मोज्यांत घुसतात. बोरी-बाभळीचे काटे टायरमध्ये घुसतात, पण ट्यूबलेस टायरमधलं सीलंट भोक आपोआप बुजवतं. पांढरा फेस येतो, चाक तसंच फिरत राहतं. टायरमधली हवा इथं थोडी कमी केलेली बरी, रबर जमिनीला धरून राहतं. फार कमी केली तर दगडावर रिमच आपटते.

भाच्याचं चाक एका वाळक्या करवंदीच्या जाळीजवळून गेलं आणि कट्ट असा आवाज आला. हातभर काटकी मागच्या चाकातून फिरत जाऊन गिअरच्या डिरेलरमध्ये अडकली होती आणि डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो छोटा हँगर दोन तुकडे होऊन लोंबत होता. तो मोडण्यासाठीच बनवलेला असतो, म्हणजे सायकलीची चौकट वाचते. पण प्रत्येक सायकलीचा हँगर वेगळा, आणि वेल्ह्यात तो मिळायची शक्यता शून्य. भाच्यानं सीटखालच्या पिशवीतून दुसरा काढला, माळावरच सायकल उलटी केली आणि दोन स्क्रू फिरवून अर्ध्या तासात काम संपवलं. सकाळी त्यानं डोळे फिरवले होते, आता पाळी माझी होती, पण मी तसं केलं नाही. तेवढ्यात धनगरवाड्याची दोन कुत्री धावत आली. कुत्र्यांपुढे सायकलवरून पळायचं नसतं. पायउतार व्हायचं, सायकल मधे धरायची आणि चालत राहायचं. चालणारा माणूस त्यांच्या ओळखीचा असतो. वाड्यावरच्या म्हातारीनं हाक मारली, कुत्री परतली, आणि तिनं आम्हाला विचारलं, "येवढी पायाखाली वाट आस्ताना ह्ये कशाला?"

केळदला अंधार पडायच्या आत पोचलो. मुक्काम आधी ठरवलेला होता. नव्या इंद्रायणीचा वाफाळता भात, पिठलं, तांदळाची भाकरी. जेवताना मी घाटाचं काढलं. घरातला धाकटा मुलगा म्हणाला, वाट एकदम क्लास आहे, परवाच पुण्याची पोरं गेली. त्याची आई चुलीपासून उठलीही नाही. "कुठवर गेली ती पोरं? धबधब्यापत्तुर," ती म्हणाली. "खालच्या वाटंला कोण जातंय?" मग शेजारच्या मामांना बोलावणं गेलं. मामा साठीच्या आसपासचे, गुरं घेऊन रोज घाटाच्या तोंडाशी जाणारे, कर्णवडीला लेक दिलेली. त्यांनी सायकलींभोवती एक फेरी मारली, टायर दाबून पाहिला आणि म्हणाले, "औंदा लई पानी झालं. मधल्या टप्प्याला वाट धसलीया. वरनं काढावी लागंल. मी येतो संगं."

वाटेची चौकशी कुणाकडे करावी याचं उत्तर मला त्या रात्री पुन्हा मिळालं. फोनमध्ये घाटाची रेघ होती, चांगली ठळक. ती कुणीतरी कुठल्यातरी वर्षी चालून उमटवलेली. तिला श्रावणातली दरड माहीत नव्हती. ज्याची लेक खाली दिलेली आहे, त्याला माहीत होती.

सकाळी घाटमाथ्यावर आलो तेव्हा खाली कोकणात धुकं होतं आणि धबधब्याला जेमतेम धार. पावसाळ्यात इथं शनिवार-रविवारी माणसांवर माणसं असतात. अपघातांमुळे मधेमधे प्रशासन बंदीही घालतं. कार्तिकात आम्ही चौघंच. १६७० साली सिंहगड घेताना तानाजी मालुसरे पडले, त्यांचा देह याच घाटानं खाली उमरठ्याला नेला असं इकडे सांगतात. मामांनीही सांगितलं, पण अभिमानानं छाती फुगवून नव्हे. ते वाटेकडे बघत म्हणाले, "खांद्यावर घेऊन हितनं उतारलं असतील, बगा." खाली पाहिल्यावर त्या वाक्याचं वजन कळलं.

उतरण्याआधी सीट खाली केल्या, पेडलं काढून पिशवीत टाकली, कारण पायऱ्यांवर ढकलताना पेडल नडगी सोलून काढतं. हेल्मेट मात्र पायी चालतानाही डोक्यावर. वरून दगड सुटतो तो आपण सायकलवर आहोत की नाही हे पाहून सुटत नाही. कड्याच्या एका बाजूला उंचावर आग्या मोहोळाची पोळी लटकली होती. मामांनी विडी काढली होती ती न पेटवताच कानावर ठेवली, आणि तो टप्पा ओलांडेपर्यंत कुणी मोठ्यानं बोललं नाही.

वरची वाट रुंद आहे, जुन्या दगडांची, पण दगड आता वाकडेतिकडे झालेत. त्यावर आम्ही सायकली हातात धरूनच उतरलो. पुढे मामा, हातात कोयता, वाटेवर आलेल्या कारवीच्या फांद्या तोडत. दगडावर हात टेकायची वेळ आली की ते आधी काठी आपटायचे. एका घळीत त्यांनी काठीनं पानं सारली तर खाली फुरसं होतं, वीतभर असेल, वेटोळं घासून खरखर आवाज करणारं. आम्ही थांबलो. त्याला हवा तेवढा वेळ दिला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांत फुरसं सगळ्यात लहान, म्हणून त्याला कमी लेखतात. ते चावलं तर आमच्याजवळच्या प्रथमोपचाराच्या डब्यातलं काहीही उपयोगाचं नव्हतं. पाय न हलवता माणसाला उचलून दवाखान्यात नेणं, एवढाच उपाय. आणि मघाचाच प्रश्न: उचलणार कोण?

मग तो धसलेला टप्पा आला. वाट पंधरा-वीस पावलं नुसती नाहीशी झालेली. लाल माती, सुटे दगड, मुळं उघडी पडलेली झाडं, खाली थेट घळ. फोनवरची रेघ बरोबर त्या पोकळीतून जात होती. या डोंगरांना पाऊस काय करतो हे इथल्या माणसांना वेगळं सांगावं लागत नाही. २०२१ च्या जुलैमध्ये घाटाखालच्या महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं. मामांनी आम्हाला वर, झाडीतून आडवं नेलं. जागा पाऊल मावेल एवढीच. सायकली एकेक करून न्यायच्या होत्या. मी माझी डोंगराच्या बाजूला धरली, तसे सर मागून म्हणाले, "उलटं कर. सायकल दरीकडे, तू डोंगराकडे. निसटली तर सोडून दे." मला ते पटायला क्षणभर लागलं. सायकल डोंगराकडे धरली असती तर हँडल झाडाला अडकून धक्का मलाच बसला असता, दरीच्या दिशेनं. शिवाय दोन्ही हातांनी धरलेली महागडी वस्तू आयत्या वेळी सोडवत नाही. ती सोडायची आहे हे आधीच ठरवून पाऊल टाकावं लागतं. भाच्याची सायकल मामांनी सरळ खांद्यावर घेतली. "हलकी हाय की," ते म्हणाले. त्या हलकेपणासाठी मोजलेले पैसे भाच्याच्या चेहऱ्यावर दिसले.

पदरावर आलो आणि पेडलं परत लावली. इथं मात्र सर म्हणाले तसंच झालं. दाट झाडी, पालापाचोळ्याखाली मऊ माती, वाट हळूहळू उतरत वळणं घेत जाणारी. पाचोळा जपून, कारण खाली मूळ असू शकतं. पण वेग थोडा, नजर लांब, वजन पायांवर, आणि सायकल आपसूक वाहत होती. शेकरूची आरोळी ऐकू आली. मी मोठ्यानं हसले ते कशासाठी हे मला सांगता येणार नाही. मामा आमच्यामागून धावत येत होते, चप्पल घालून, आणि फारसे मागे पडत नव्हते.

पदराच्या टोकाशी पुन्हा कडा. कंबरभर उंचीची उडी, खाली दगडांची पडझड, बाजूला मोकळं. भाचा थांबून बघत राहिला. दोनदा मागे गेला, पुन्हा काठाशी आला.

"जमेल," तो म्हणाला.

"जमेलच," सर म्हणाले. "नाही जमलं तर काय, ते सांग."

भाच्यानं मामांकडे पाहिलं. मामा वर, आलो त्या वाटेकडे बघत होते. मग म्हणाले, "गड्यावर गडी लागत्याल. चार खांदेकरी, दोन बदली. दिस जाईल." गेल्या वर्षी एका मुलाला त्यांनी असंच वर नेलं होतं, झोळी करून, पाय मोडलेला, रात्रभर. त्याचं पुढे काय झालं हे त्यांना कुणी कळवलं नाही. भाच्यानं सीट खाली केली आणि सायकल उचलली. खाली आल्यावर कड्याकडे मान वर करून तो म्हणाला, "तरी जमलं असतं." कुणी वाद घातला नाही.

कर्णवडीत मामांच्या लेकीकडे पाणी, गूळ, कोरा चहा. इथं हवा वेगळीच, दमट, अंगाला चिकटणारी. पूर्वी केळदचं तांदूळ-नाचणी डोक्यावरून याच वाटेनं खाली बाजाराला यायचं, मामा सांगत होते, म्हणून वाट राहायची. दगड ढळला तर येता-जाता कुणीतरी बसवायचं. आता माल गाड्यांनी जातो. पायाखाली राहिली नाही तर वाट एका पावसाळ्यात रान होते. मजुरी त्यांनी सांगितली ती आम्ही तिप्पट केली, त्यावर थोडी ओढाताण झाली, लेकीनं मधे पडून पैसे घेतले. तिनं जेवायला थांबवलं तरी मामा थांबले नाहीत. उन्हाच्या आत वर पोचायचं होतं. "पोचल्यावर फोन करा," मी म्हटलं. ते हसले. त्यांच्या वाटेवर त्यांना असं कुणी सांगत नसावं.

राणवडीवरून बिरवाडीपर्यंत रस्ता आहे. खड्डे, डंपर, औद्योगिक वसाहतीचा वास. दोन दिवसांत सगळ्यात जास्त जीव मुठीत धरून मी कुठं सायकल चालवली असेल तर या शेवटच्या तुकड्यात, भर दुपारी, मागून हॉर्न देत येणाऱ्या ट्रकसमोर. बहिणीला फोन झाला. महाडला जाणारा एक टेम्पो मिळाला. ड्रायव्हरनं सायकली सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मधे घालून दोरीनं आवळल्या आणि भाड्यावरून सरांशी घासाघीस केली. मग आम्ही टपरीवर वडापाव खात उभे राहिलो, निघायला तयार असूनही न निघता.

साडेतीनला मामांचा फोन आला. पोचले होते. पण त्यांना सांगायचं होतं ते वेगळंच: येताना त्या धसलेल्या जागेच्या दोन्ही तोंडांना काटेरी फांद्या आडव्या टाकल्यात, म्हणजे चुकून कुणी जुन्या वाटेनं शिरायचं नाही, आणि वरची आडवी वाट कोयत्यानं थोडी मोकळी केलीय. "तुमच्या सायकलवाल्यास्नी कळवा," ते म्हणाले. भाच्यानं फोन माझ्या हातातून घेतला, खांद्यानं कानाशी धरला आणि दुसऱ्या फोनवर टाइप करायला लागला. फांद्या कुठं, खूण कोणती, आंब्याच्या झाडाच्या किती वर, असे एकेक प्रश्न त्यानं विचारून घेतले. शेवटी विचारलं, "मामा, ही वाट किती दिवस चांगली राहील?"

"शिमग्यापत्तुर म्हनावं," मामा म्हणाले. "फुडं मला इचारा."